मिनीचे रन-फ्लॅट टायर बदलायचेत: पुन्हा तेच टाकू की साधे ट्यूबलेस? (ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव हवेत)

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी सेकंडहँड मिनी कूपर घेतली. गाडी झकास आहे, पण आता टायर बदलायची वेळ आली आहे. चारही रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे), साईझ १९५/५५ आर १६. खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या पट्ट्या रबराच्या बरोबरीला आल्यात. त्यात भर म्हणजे गायमुखच्या उतारावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं, तेव्हापासून त्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय.

रोजचा रस्ता घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि तिथून ठाणे-बेलापूर रोडने महापे. आईवडील पुण्याला असतात, त्यामुळे एक्स्प्रेसवेलाही अधूनमधून जाणं होतं. गाडी बायकोही चालवते आणि तिला कधीकधी घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात. मला खरी काळजी त्याची आहे.

दुकानात विचारलं तर रन-फ्लॅटच्या एका टायरच्या पैशांत साधे जवळजवळ दोन येतात. शिवाय १९५/५५ आर १६ हा साईझ बलेनो आणि आय-ट्वेंटीच्या वरच्या मॉडेलांनाही असतो, त्यामुळे साधा टायर कुठल्याही दुकानात हजर. रन-फ्लॅट मागवावे लागतील म्हणतात. दुकानदाराचं मत स्पष्ट आहे, साधे टाका. पण या गाडीच्या डिकीत स्टेपनीसाठी खोबणच नाही, जॅक आणि पानाही नाही. साधे टाकले आणि रात्री मुंब्रा बायपासला हवा गेली, तर करायचं काय?

ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पामबीच_प्रवासी | रविवार, सकाळी १०.४०

साधे टाका, डोळे मिटून. माझ्याकडेही मिनीच होती, सतरा इंची चाकांची. रन-फ्लॅट असताना वाशी खाडीपुलाचा प्रत्येक सांधा कमरेत जाणवायचा. साधे टाकल्यावर तोच पूल, तीच गाडी, पण आईने मागच्या सीटवरून विचारलं, "गाडीचं काही काम केलंस का रे?" स्टिअरिंग किंचित सैल वाटतं, वळणावर आधीचा तो टणकपणा राहत नाही. पण सायन-पनवेलवर तो टणकपणा कुणाला हवाय?

खाडीपल्याड | रविवार, सकाळी ११.३१

डोळे मिटून काहीच टाकू नका.

मी ऐरोलीला राहते, बीएमडब्ल्यूची वन सिरीज चालवते, मागची बरीच वर्षं रन-फ्लॅटवरच. कडक चालते, हे खरं आहे. खड्ड्यात धाडकन आवाज येतो, हेही खरं. तरी मी बदलणार नाही, का ते सांगते.

शिळफाट्याहून रात्री परत येत होते. मुंब्रा बायपासच्या चढावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मागचं उजवं चाक. पुढे-मागे कंटेनर, डावीकडे बंद पडलेला ट्रक, रस्त्यावर दिवे नाहीत. मी फक्त वेग कमी केला, साठच्या आत ठेवला आणि सरळ घरी आले. सोसायटीच्या आवारात दिव्याखाली उतरून पाहिलं, टायरमधली हवा पूर्ण गेली होती. साधा टायर असता तर त्या चढावर उतरणं भाग होतं. चाक बदलायला मला येतं, प्रश्न तो नाही. उजव्या बाजूचं चाक बदलताना तुमची पाठ ट्रककडे असते, आणि मागचा ड्रायव्हर तुम्हाला बघतोय की नाही हे तुम्हाला कळायचा मार्ग नसतो.

इथे बहुतेक पुरुष मंडळी "पंक्चर झालं तर बघू" म्हणून मोकळी होतात. रात्री अकराला एकटीने कुठे थांबायचं, हे गाडी चालवणारीने ठरवायचं. कासारवडवलीकर, हा प्रश्न आधी घरात विचारा. उत्तर बायकोचं हवं, आमचं नको.

स्विफ्ट_पाचपाखाडी | रविवार, दुपारी १२.०५

खाडीपल्याड ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

एक शंका. माझी स्विफ्ट आहे, १८५/६५ आर १५. तिला रन-फ्लॅट बसवून घेता येतील का? म्हणजे स्टेपनीचा त्रासच नको.

वागळे_काका | रविवार, दुपारी ३.१८

वागळे इस्टेटमध्ये टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात आयुष्य गेलं. आता मुलगा बघतो, मी सकाळी जाऊन बसतो. जरा लांबण लावतो, पण विषय तसा आहे.

आधी धागाकर्त्याला. त्या फुग्यावर गाडी चालवू नका. महाप्याला नाही, नाक्यापर्यंतही नाही. टायरच्या बाजूला आत दोऱ्यांचा थर असतो, हवेचा सगळा ताण तो पेलतो. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये बाजू चिमटली की त्या दोऱ्या तुटतात. बाहेरून रबर शाबूत दिसतं, आत धरून ठेवायला काही उरलेलं नसतं, म्हणून हवा तिथे बाहेर ढकलते. याला दुरुस्ती नाही. तो टायर आजच उतरवा.

आता रन-फ्लॅट म्हणजे काय. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा उचलते. टायर हे त्या हवेचं भांडं. रन-फ्लॅटमध्ये बाजूची भिंत जाड, कडक रबराची केलेली असते. हवा गेली तरी ती भिंत काही काळ गाडी उभी धरते. कंपन्या साधारण ८० किलोमीटर अंतर आणि ताशी ८० चा वेग सांगतात. गाडी भरलेली असेल, ऊन असेल तर त्याहून कमी धरा. ब्रिजस्टोनवर आरएफटी लिहिलेलं असतं, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ. बीएमडब्ल्यू आणि मिनीसाठी मंजूर केलेल्या टायरवर बारीक चांदणी असते, ती वेगळी खूण. चांदणी आहे म्हणजे रन-फ्लॅट आहेच असं समजू नका.

स्विफ्टवाल्या ताई किंवा दादा, तुमच्या गाडीला नको. पहिलं म्हणजे त्या साईझमध्ये रन-फ्लॅट आपल्याकडच्या दुकानात मिळणं अवघड. मिळाले तरी हवा दाखवणारी यंत्रणा गाडीत नसेल तर घात होतो. रन-फ्लॅटची हवा गेली की वरून कळत नाही, टायर बसलेला दिसत नाही, गाडी फारशी ओढत नाही. तुम्ही समृद्धीला लागाल, १२० ने चालवाल आणि आतली भिंत तापून तापून भुगा होईल. शिवाय रन-फ्लॅटच्या गाडीचं सस्पेन्शन कंपनीने त्या कडकपणाचा विचार करून बसवलेलं असतं. स्विफ्टचं तसं नाही. तुमच्याकडे स्टेपनी आहे, ती जपा. दर महिन्याला तिचीही हवा बघा. लोक स्टेपनी विसरतात आणि गरज लागते तेव्हा तीच बसलेली निघते.

आता मुख्य मुद्दा. टायर निवडताना विचारायचं की आपल्याकडे टायर मरतो कशाने. खिळ्याने? ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला की बहुतेक वेळा तोच भोक बुजवून बसतो, हवा हळूहळू जाते, कधी दोन दिवस लागतात. हवा दाखवणारा मीटर असेल तर पेट्रोल पंपापर्यंत, पंक्चरवाल्यापर्यंत आरामात पोचता. अशा हळू गळतीसाठी रन-फ्लॅटचे पैसे मोजायची गरज नाही. आमच्या दुकानात जे टायर भंगारात जातात, त्यातले निम्म्याहून जास्त बाजूने गेलेले असतात. पेव्हर ब्लॉक निघालेल्या जागेची कड, डांबराचा थर संपतो तिथली पायरी, मेट्रोच्या कामाजवळची लोखंडी प्लेट. आणि बाजू फाटली तर रन-फ्लॅटचाही भरवसा नाही. थोडं अंतर ओढून नेईल, पण ८० किलोमीटरचा हिशोब तिथे लागू होत नाही.

उलट रन-फ्लॅटची भिंत वाकत नाही म्हणून खड्ड्याचा मार सरळ रिमवर जातो. मिनीचे अलॉय आतल्या कडेला वाकलेले किंवा तडकलेले माझ्याकडे कितीतरी आले. रिम सरळ करता येतं, तडा वेल्डिंग करणारेही आहेत, पण वेल्डिंग केलेलं रिम मी स्वतः कुणाच्या गाडीला पुढे लावणार नाही.

खाडीपल्याड ताईंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांनी सांगितलेली परिस्थिती खरी आहे आणि त्यासाठीच तो टायर बनलाय. फक्त पैसे कशाचे देतोय हे माहीत असावं.

पामबीच_प्रवासी | रविवार, दुपारी ३.५०

काका, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

उरण_फाटा | रविवार, संध्याकाळी ६.२२

मी जेएनपीटीच्या रस्त्याने रोज जातो, साधी टियागो आहे, त्यामुळे रन-फ्लॅटबद्दल बोलायचा अधिकार नाही. पण खिळ्यांबद्दल आहे. कंटेनरच्या लाकडी पॅकिंगचे लांब खिळे, स्क्रू, आणि रबाळे-तुर्भेच्या कारखान्यांसमोर लेथवरची कात्रणं. सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेला सगळा माल गोळा होतो, म्हणून मी कडेने चालवत नाही.

बाहेरून व्हॉल्व्हला बसवायचे सेन्सर घेतलेत, टोपणाच्या जागी फिरवून लावायचे. काचेजवळ छोटा सोलर डिस्प्ले ठेवलाय, चारही चाकांचा आकडा दिसतो. महापे पुलाखाली एकदा आकडा ३३ वरून ३० वर आलेला दिसला. तिथेच पंक्चरवाल्याकडे वळलो, खिळा निघाला, शे-दीडशे रुपयांत काम झालं. सेन्सर नसता तर संध्याकाळी घरी जाताना कळलं असतं, तेही टायर बसल्यावर.

खाडीपल्याड | रविवार, रात्री ९.०३

काका, तुमचा मुद्दा पटतो, पण त्यात एक गोष्ट निसटते. हळू गळती आणि बाजू फाटणं यांच्यामधलंही बरंच काही असतं. व्हॉल्व्हचा रबरी दांडा तुटतो, खड्ड्यात रिमची कड वाकून हवा भसकन निघते, जाड बोल्ट घुसून परत बाहेर पडतो. या सगळ्यात हवा मिनिटाभरात जाते, पण टायरची भिंत शाबूत असते. तिथे रन-फ्लॅट पुरेपूर उपयोगी पडतो. आणि अशी हवा गेली की मीटर काय सांगणार? गेली, एवढंच.

अटल सेतूचं उदाहरण घ्या. २१.८ किलोमीटर, मध्ये थांबायला मनाई. साध्या टायरवर मध्यावर हवा गेली तर समुद्रावर उभं राहून मदतीची वाट बघायची. रन-फ्लॅटवर सरळ पलीकडे उतरायचं.

वागळे_काका | रविवार, रात्री ९.४४

मान्य. व्हॉल्व्ह आणि रिमची कड, ही दोन्ही कारणं मी धरली नव्हती आणि ती आपल्याकडे वरचेवर घडतात. मात्र व्हॉल्व्हवर उपाय सोपा आहे. टायर बदलताना प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह नवा घ्या, किरकोळ रकमेत येतो. लोक हजारो रुपयांचे टायर घेतात आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवतात.

आणि ताई, त्या रात्री घरी आल्यावर त्या टायरचं काय केलंत?

खाडीपल्याड | रविवार, रात्री ९.५१

बदलला. दुसऱ्या दिवशी दुकानात उतरवून बघितला, तर आतमध्ये काळी पावडर पडली होती, मूठभर. दुकानदार म्हणाला, पॅच लावून देतो. मी नको म्हटलं.

वागळे_काका | रविवार, रात्री १०.१०

अगदी बरोबर केलंत. ती पावडर म्हणजे आतलं रबर घासून निघालेलं असतं. भिंत किती शिजली हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून हवेशिवाय चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त करून पुन्हा लावायचा नाही. खिळा वेळेत दिसला, हवा पुरेशी होती, तर काही कंपन्या मधल्या पट्ट्यात आतून पॅच चालतो म्हणतात. एरवी एका खिळ्यात अख्खा टायर जातो. खर्चाचा हिशोब करताना हे धरा, कारण दुकानात किंमत विचारताना हे कुणी सांगत नाही.

यावरून एक सावधगिरीची गोष्ट. निम्म्या किमतीत "बाहेरून आलेले, ऐंशी टक्के रबर असलेले" रन-फ्लॅट विकणारे बरेच आहेत. वरून नक्षी नव्यासारखी असते. पण तो टायर आधी हवेशिवाय किती चाललाय हे आतून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि विकणारा बघू देत नाही. त्यात हात घालू नका. वापरलेला रन-फ्लॅट घेण्यापेक्षा नवा साधा टायर केव्हाही बरा.

निवांत_नेरुळ | सोमवार, सकाळी ८.१५

एक कायद्याचा प्रश्न. मिनीत साधे टायर टाकले आणि स्टेपनी नसली, तर पोलीस पकडतील का? आमच्या गाडीतही स्टेपनी नाही, फक्त पंपाची किट दिलीय.

पामबीच_प्रवासी | सोमवार, सकाळी ९.०२

२०२० च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीची किट असेल तर स्टेपनी बंधनकारक नाही. बऱ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्या स्टेपनीशिवाय येतात त्या याच आधारावर. त्यामुळे तुमच्या गाडीची काळजी नको. कासारवडवलीकरांनी मात्र किट गाडीत कायम ठेवावी. साधे टायर टाकून रिकाम्या डिकीने फिरू नये.

स्विफ्ट_पाचपाखाडी | सोमवार, सकाळी ९.३०

काका, उत्तर मिळालं, आभार. ताई नाही, दादा आहे. कालच स्टेपनी बाहेर काढली, हवा भरून आणली.

कासारवडवलीकर | सोमवार, रात्री १०.२६

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढा विचारपूर्वक कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, फुगावाला टायर उतरवला, गाडी घरीच उभी आहे.

खाडीपल्याड ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरात विचारलं. ती म्हणाली, तिला मुंब्रा बायपासला जावंच लागत नाही. तिचा रस्ता मुलुंड-ऐरोली पुलावरून आणि पुढे हायवेने घोडबंदर. तिथे पेट्रोल पंप आहेत, दिवे आहेत, रात्रीही वर्दळ असते. तिला भीती एक्स्प्रेसवेची वाटते आणि तिथे आम्ही दोघं असतो. तिने आणखी एक विचारलं, जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रन-फ्लॅटवर ती ८० किलोमीटर चालवत कुठे नेणार? रात्री तो टायर काढून देणारं दुकान उघडं असतं का?

खाडीपल्याड | सोमवार, रात्री १०.४८

घरी. घरापर्यंत न्यायचं, बस. बाकी सकाळी.

पण तिचा रस्ता तसा असेल तर माझा आग्रह नाही. माझं म्हणणं रस्त्यावरून आणि वेळेवरून होतं, गाडीवरून नव्हतं. रोज रात्री शिळफाटा किंवा उरण बाजूने एकटीने येणारीला मी आजही रन-फ्लॅटच सांगेन.

वागळे_काका | मंगळवार, सकाळी ७.५५

सुनबाईंचा प्रश्न अचूक आहे. रन-फ्लॅट काढायला टायर दाबून धरणारा जादा हात असलेलं मशीन लागतं. नाक्यावरचा पंक्चरवाला लोखंडी पट्ट्यांनी ताकद लावून काढायला जातो, टायरची रिमवर बसणारी कड फाटते आणि अलॉयला ओरखडे पडतात. साधा टायर मात्र कुठेही निघतो, कसाऱ्याच्या ढाब्याशेजारीसुद्धा.

साधे घेणार असाल तर एवढं बघा.

दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. १९५/५५ आर १६ च्या पुढे ८७ आणि एक अक्षर असेल. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलोपर्यंत भार. अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०. बलेनोचा म्हणून दुकानदार एच देईल. मिनीच्या स्टिकरवर व्ही असेल तर व्हीच मागा. आपण २४० ने चालवणार नाही हे मलाही माहीत आहे, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. गाडीला जे लिहिलंय त्याखाली जायचं नाही.

बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. कमी खपणाऱ्या साईझचा माल दुकानात पडून राहतो. रन-फ्लॅटच्या बाबतीत हे हमखास घडतं. साध्यात तुमचा साईझ भरपूर खपतो, त्यामुळे ताजा मिळेल, ताजाच मागा.

चारही एकत्र बदला. एका एक्सलवर एक रन-फ्लॅट आणि एक साधा, असं कधीही नको. वळणात दोन्ही बाजू वेगळ्या वाकतात आणि पावसात गाडी कुठल्या बाजूला सुटेल सांगता येत नाही.

कासारवडवलीकर | मंगळवार, सकाळी ८.२०

काका, एक विचारतो. आकडेमोड करताना दिसलं की १८५/६५ आर १५ ची एकूण उंची आणि माझ्या टायरची उंची जवळजवळ सारखीच येते, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. मग पंधरा इंची रिम घेऊन टायरची बाजू वाढवली तर खड्ड्याला जास्त बरं नाही का?

वागळे_काका | मंगळवार, सकाळी ८.४१

हिशोब बरोबर आहे. तुमच्या टायरची बाजू १०७ मिलिमीटर उंच आहे, पंधरा इंचीत १२० होईल. तेवढं रबर खड्ड्यात नक्की कामाला येतं. पामबीचवाल्यांच्या सतरा इंचीत ते ९२ च होतं, म्हणून त्यांची कमर दुखत होती.

पण गाडी कूपर एस असेल तर पुढची ब्रेक डिस्क मोठी आहे, पंधरा इंची रिम कॅलिपरला घासेल. आधी बसवून, हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं ऐकाल तर सोळाच ठेवा आणि पाऊस संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी हवा बघा. हवा कमी असताना खड्डा लागला की बाजू चिमटतेच.

उरण_फाटा | मंगळवार, दुपारी १.१५

एक तिसराही पर्याय आहे. काही टायरांच्या आतल्या बाजूला चिकट लेप दिलेला असतो, खिळा घुसला की तो भोवती गोळा होऊन भोक बंद करतो. कॉन्टिनेंटल, मिशेलिन, पिरेली बनवतात, आपल्याकडे जेके टायरनेही कारसाठी आणलाय. बाजू मऊच राहते. फक्त नक्षीच्या पट्ट्यातल्या लहान भोकांवर चालतो, बाजूच्या कटावर नाही. तुमच्या साईझमध्ये मिळतो का, दुकानात विचारून बघा.

निवांत_नेरुळ | मंगळवार, दुपारी २.००

आणि पंक्चर बुजवायचा फवारा? आमच्या किटमध्ये त्याची बाटली आहे.

उरण_फाटा | मंगळवार, दुपारी २.२०

अगदीच अडलं तर वापरा. एकदा आत गेला की टायर उतरवून आतून पुसावा लागतो, नाहीतर पॅच चिकटत नाही. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती आजच बघून ठेवा.

कासारवडवलीकर | बुधवार, रात्री ९.३७

ठरलं. चारही साधे, ८७ व्ही, शिक्का याच वर्षाचा, व्हॉल्व्ह नवे. लेपवाला या साईझमध्ये मिळाला नाही. बाहेरचे सेन्सर, बारा व्होल्टचा पंप, पट्टी घालायची किट, त्रिकोण आणि परावर्तक जॅकेट घेतलं. जॅकेट बायकोच्या आग्रहाने, दोघांसाठी दोन.

पुण्याला जाताना मात्र डिकीत स्टेपनी न्यायची आहे. मिनीची डिकी २११ लिटरची, त्यात चाक आडवं ठेवलं की जेमतेम एक बॅग राहते. आम्ही दोघंच असतो, त्यामुळे बाकीचं सामान मागच्या सीटवर. भंगारात मिनीचंच एक सरळ रिम मिळालंय, त्यावर पाचवा टायर चढवून घेतो. ते पट्ट्याने नीट आवळून बांधायची सोय करायला सांगितलीय, कारण जोरात ब्रेक मारला तर सुटं चाक सरळ पुढच्या सीटवर येईल. जॅक आणि पानाही त्याच पिशवीत.

काका, बसवून घेताना आणखी काही?

वागळे_काका | गुरुवार, सकाळी ७.४०

दोन गोष्टी. मिनीची स्वतःची यंत्रणा चाकाच्या फिरण्यावरून हवा ओळखत असेल, तर टायर बदलल्यावर ती रीसेट करावी लागते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं, यंत्रणा तेच पकडते. चारही थंड असताना स्टिकरवरच्या आकड्याला हवा भरा, मग मेनूतून रीसेट द्या आणि थोडं चालवा. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला कळत नाही, म्हणून बाहेरचे सेन्सर घेतलेत ते चांगलं केलंत.

दुसरं, पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) तपासून घ्या. दुकानातल्या हवेच्या बंदुकीने आवळलेत म्हणून सोडून देऊ नका. आणि डिकीतला तुमचा पाना त्या बोल्टांना बसतो का, आणि तुम्हा दोघांच्या हाताने ते सुटतात का, हे इथेच सोसायटीत उभं राहून करून बघा.

कासारवडवलीकर | गुरुवार, सकाळी ८.०५

आज संध्याकाळी दोघंही करून बघतो, काका.